मुंबई उपनगरांतील रक्ततपासणी अहवाल आणि श्वेतपेशींचे विकार : एक चिकित्सक वाचन

प्रस्तावना

पावसाळा सुरू झाला की अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांत तापाचे रुग्ण वाढतात आणि त्यांच्यामागोमाग एक कागद घरोघरी पोहोचतो. त्याचे पूर्ण नाव 'कम्प्लीट ब्लड काउंट'. व्यवहारात सर्वजण त्यास 'सीबीसी' म्हणतात. उपनगरांत सर्वाधिक हाताळला जाणारा आणि सर्वांत कमी समजून घेतला जाणारा इंग्रजी मजकूर बहुधा हाच असावा. प्रस्तुत लेखात हा अहवाल एक संहिता म्हणून वाचला आहे. श्वेतपेशींविषयीच्या त्यातील ओळी काय सांगतात, काय झाकतात आणि त्या झाकलेल्याची किंमत कोणाला मोजावी लागते, एवढ्यापुरतीच ही चिकित्सा मर्यादित आहे.

शब्दांचा घोळ

डेंग्यूच्या रुग्णाचे नातेवाईक "पांढऱ्या पेशी कमी झाल्या" असे सांगतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा प्लेटलेट अभिप्रेत असतात. शालेय शिक्षणात रक्ताची विभागणी लाल आणि पांढऱ्या पेशींत मनावर ठसते. तिसऱ्या घटकाला पाठ्यपुस्तकात 'रक्तपट्टिका' हे नाव आहे, पण ते बोलण्यात उतरलेले नाही. परिणामी जे लाल नाही ते पांढरे, असा हिशेब होतो. हा घोळ निरुपद्रवी नाही. घरातील माणसे रोज प्लेटलेटचा आकडा विचारतात आणि त्याच कागदावरील खऱ्या पांढऱ्या पेशींची ओळ कोणीही न वाचता राहून जाते.

अहवालाची स्वतःची भाषाही फारशी साहाय्यक नाही. 'शिफ्ट टू लेफ्ट' हा शेरा पुष्कळ अहवालांत आढळतो. विसाव्या शतकाच्या आरंभी आर्नेट याने न्यूट्रोफिल पेशींचे केंद्रकाच्या खंडांनुसार वर्गीकरण केले. अशा तक्त्यांत अपरिपक्व पेशी डाव्या बाजूस लिहिल्या जात. रक्तात कोवळ्या पेशी वाढल्या की तक्ता डावीकडे सरके. तक्ता कधीच गेला; डावी बाजू तेवढी उरली.

चित्राकडून आकड्याकडे

श्वेतपेशींच्या विकारांचे शास्त्र मुळात पाहण्याचे शास्त्र होते. फिरशो याने १८४५ साली ज्या रुग्णाचे वर्णन केले, त्याच्या रक्तातील पांढऱ्या अंशाचे आधिक्य त्याने प्रत्यक्ष पाहिले आणि १८४७ मध्ये त्या विकारास 'पांढरे रक्त' या अर्थाचे 'ल्यूकेमिया' हे नाव दिले. एर्लिखच्या रंगद्रव्यांमुळे पेशींचे प्रकार वेगळे ओळखता येऊ लागले. भारतात लष्करी वैद्यक म्हणून सेवा केलेल्या लीशमन याने १९०१ मध्ये प्रसिद्ध केलेली रंजनपद्धती आजही भारतीय प्रयोगशाळांच्या नित्य वापरात आहे. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर ओढणे, तो रंगवणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशीन् पेशी न्याहाळणे, हीच परीक्षा होती.

१९५३ मध्ये वॉलेस कोल्टर याला पेटंट मिळाले आणि पेशी मोजण्याचे काम यंत्राकडे गेले. सूक्ष्म छिद्रातून पेशी जाताना विद्युतप्रवाहास जो अडथळा होतो, त्यावरून तिची संख्या आणि आकारमान कळते. याचे ऋण मोठे आहे; न्यूबार चेंबरमध्ये डोळ्यांनी मोजण्यातील चुका त्यामुळे कमी झाल्या. परंतु यंत्र आकार मोजते, ओळख सांगत नाही. तीन भागांत वर्गीकरण करणाऱ्या साध्या यंत्रात 'मिड' नावाचा एक रकाना असतो. मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल आणि वेळप्रसंगी रक्तकर्करोगाच्या अपरिपक्व ब्लास्ट पेशी, या सर्वांची भरती त्याच रकान्यात होते. पाच प्रकारांची टक्केवारी छापलेला अहवाल मात्र वाचकास एवढेही कळू देत नाही की ती टक्केवारी प्रगत यंत्राने दिली की माणसाने स्लाइड पाहून.

माणसाने पाहिली तरी किती पेशी पाहिल्या, हा प्रश्न उरतोच. शंभर पेशींत पाच इओसिनोफिल आढळल्या, तर संख्याशास्त्रानुसार खरे प्रमाण एक ते बारा टक्के यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. अहवालात मात्र निःशंक '५' छापलेला असतो.

टक्केवारीचा भ्रम याहून अधिक हानिकारक होय. एका काल्पनिक अहवालात एकूण श्वेतपेशी दर घनमिलिमीटरला २,४०० आहेत. त्यांत न्यूट्रोफिल ३० टक्के, लिम्फोसाइट ६५ टक्के. छापील मर्यादेपलीकडे गेल्यामुळे ६५ हा आकडा ठळक होतो आणि शेऱ्यात 'लिम्फोसायटोसिस' येते. प्रत्यक्षात लिम्फोसाइट १,५६० म्हणजे सर्वसाधारण आहेत. न्यूट्रोफिल ७२० इतक्या उतरल्या आहेत आणि खरा धोका तेथे आहे. एका गुणाकाराने जे उघड होते ते करण्याचे कष्ट अहवाल वाचकावर टाकतो.

पावसाळ्यातील ताप

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्यानंतरच्या आठवड्यांत उपनगरांनी लेप्टोस्पायरोसिसची साथ अनुभवली. त्याच वर्षी, मुंबईच्या पावसाशी काडीचाही संबंध नसताना, रक्तविज्ञानातील तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने ४१ नियम प्रसिद्ध केले. यंत्राचा कोणता निकाल आल्यावर माणसाने स्लाइड पाहावी, हे त्या नियमांत सांगितले आहे. उपनगरातील तापाच्या हंगामास याहून उपयुक्त मजकूर मिळणे कठीण होते.

लेप्टोस्पायरोसिसमध्ये सामान्यतः न्यूट्रोफिल वाढतात. डेंग्यूमध्ये एकूण श्वेतपेशी आणि प्लेटलेट दोन्ही घटतात. मलेरियात कधी मोनोसाइट पेशींमध्ये परजीवीचे तपकिरी रंगद्रव्य दिसते आणि निदानाची दिशा मिळते. म्हणजे श्वेतपेशी बोलतात. परंतु दोन भिन्न आजार एकच आकडा उच्चारू शकतात, आणि प्रस्तुत चिकित्सेचा मुख्य आक्षेप येथे आहे.

ऑगस्ट महिन्यात ताप, थकवा, हिरड्यांतून रक्त, श्वेतपेशी २,०००, प्लेटलेट ३०,००० असा रुग्ण आला तर त्यास डेंग्यू म्हणणे स्वाभाविक आहे आणि बहुतेक वेळा ते बरोबरही ठरेल. तथापि अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्यूकेमिया या रक्तकर्करोगाचे चित्रही आकड्यांत पुष्कळदा असेच उमटते. 'रक्ताचा कर्करोग म्हणजे पांढऱ्या पेशींचा पूर' ही समजूत सुशिक्षितांतही रूढ आहे; या प्रकारात मात्र संख्या अनेकदा घटलेली असते. स्लाइडवर हा भेद दिसू शकतो. डेंग्यूत निळसर, विस्तीर्ण पेशीद्रव्याच्या प्रतिक्रियाशील लिम्फोसाइट दिसतात. या ल्यूकेमियात कणांनी गच्च भरलेल्या आणि क्वचित काड्यांच्या मोळीसारख्या 'आउअर रॉड' बाळगणाऱ्या प्रोमायलोसाइट. त्या रक्तात थोड्याच असल्या तर शोधाव्या लागतात. शोधणारा डोळा नसेल तर सापडत नाहीत.

हा आजार प्रारंभीच्या दिवसांतच रक्तस्रावाने बळी घेतो. उलट वेळेवर ओळखल्यास तो रक्तकर्करोगांतील सर्वाधिक बरा होणाऱ्या प्रकारांपैकी एक आहे. ऑल-ट्रान्स रेटिनॉइक अ‍ॅसिडचे यश शांघायच्या वैद्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. संशय येताच, जनुकीय तपासणीची वाट न पाहता हे औषध सुरू करावे असा संकेत आहे. ज्या रुग्णांच्या श्वेतपेशी दहा हजारांच्या आत असतात, त्यांची गणना कमी जोखमीच्या गटात होते. याचा अर्थ असा की ज्यांचा आकडा पाहून कोणी दचकत नाही, त्यांचाच जीव वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. अहवालात 'स्मिअर : श्वेतपेशी सामान्य' ही ओळ साच्यातून आपोआप आली असेल, तर ती संधी तेथेच संपते.

मुलुंड–घाटकोपरची विशेष बाब

आकडा उलट्या दिशेनेही फसवतो. कच्छी, लोहाणा, सिंधी या समाजांत थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण अधिक आढळते आणि मुलुंड, घाटकोपर येथे कच्छी-गुजराती वस्ती मोठी आहे. थॅलेसेमिया मेजरच्या रुग्णाच्या रक्तात, विशेषतः प्लीहा काढल्यानंतर, केंद्रकयुक्त लाल पेशी पुष्कळ असतात. साधे यंत्र त्यांना श्वेतपेशी समजून मोजते. यंत्राने २४,००० सांगितले आणि स्लाइडवर शंभर श्वेतपेशींमागे अशा ६० पेशी दिसल्या, तर खरी संख्या १५,००० ठरते. दुरुस्ती न करता गेलेला अहवाल संसर्गाचा संशय आणि अनावश्यक प्रतिजैविके यांना आमंत्रण देतो. बोरिवली पूर्वेला महानगरपालिकेचे थॅलेसेमिया, बालरक्तविकार-कर्करोग आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे केंद्र आहे. तेथे हा हिशेब नित्याचा असणार. प्रश्न कोपऱ्यावरच्या कलेक्शन सेंटरमधून निघालेल्या अहवालाचा आहे.

त्या सेंटरवरील जांभळ्या झाकणाची बाटली मध्यवर्ती प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत काही तास जातात. ईडीटीए मिसळलेल्या रक्तात तेवढ्या वेळात पेशी बदलतात. न्यूट्रोफिल विघटू लागतात, मोनोसाइटमध्ये पोकळ्या पडतात, लिम्फोसाइटची केंद्रके दुभंगल्यासारखी दिसतात. प्रवासाने झालेला हा बिघाड गंभीर संसर्गाच्या खुणांसारखा भासतो. रक्त घेतले तेथेच स्लाइड ओढून बाटलीसोबत पाठवली, तर हा दोष बहुतांशी टळतो. हा उपाय स्वस्त आहे, म्हणूनच कदाचित त्याची जाहिरात होत नाही.

सही आणि नजर

प्रयोगशाळांच्या अहवालावर सही कोणी करावी, यावर बराच वाद झाला. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला; विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर अर्हता असलेल्या नोंदणीकृत वैद्यकाची सही आवश्यक, असा त्याचा आशय होता. हा वाद महत्त्वाचा खरा, पण त्यात सहीच्या वरचा मजकूर दुर्लक्षित राहिला. अर्हताप्राप्त वैद्यकाची सही संगणकातून आपोआप उमटू शकते. स्लाइड पाहिल्याचा पुरावा ती देत नाही.

त्यासाठी अहवालाच्या साच्यात तीन नोंदी पुरेशा आहेत : स्मिअर माणसाने पाहिले किंवा नाही, किती पेशी मोजल्या, आणि रक्त घेतल्यानंतर किती वेळाने स्लाइड तयार झाली. टक्केवारीशेजारी प्रत्यक्ष संख्या छापण्यास तर काहीच खर्च येत नाही. यंत्र ती आधीच काढून ठेवते. स्मिअर पाहिले नसेल तेथे 'सामान्य' या शब्दाऐवजी रकाना कोरा ठेवावा. कोरा रकाना पाहून एखादा डॉक्टर निदान प्रयोगशाळेत फोन तरी करील.