कोल्हटकरांचीं पदें आणि संगीताचें सूत्र

संगीत नाटक चालू असतां त्याचें सूत्र कोणाच्या हातीं असावें, हा प्रश्न आमच्या रंगभूमीनें कधीं नीटसा विचारलाच नाहीं. इटलींत वाद्यवृंदासमोर एक संचालक उभा असतो, व गायक कितीही नामांकित असला तरी त्यास या संचालकाच्या छडीच्या लयीनेंच गावें लागतें. या पेशांतील अग्रणी आर्तूरो तोस्कानिनी. १८८६ सालीं, वयाच्या १९ व्या वर्षीं, रिओ शहरांत वाद्यवृंदांतील आपली जागा सोडून त्यानें 'आईदा' हें संगीतनाट्य केवळ स्मरणाच्या बळावर चालविलें. आणि १९०३ सालीं प्रेक्षकांनीं 'वन्समोअर'चा हट्ट धरतांच तो मिलानच्या 'ला स्काला' नाट्यगृहांतून निघून गेला.

आमच्याकडे असा अधिकारी नव्हता. परंतु नाटकाच्या संगीताची दिशा लेखणीनें ठरवूं पाहणारा एक पुरुष वऱ्हाडांत होऊन गेला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे तोस्कानिनीहून चारच वर्षांनीं लहान. त्यांचें बालपण बुलढाण्यास गेलें, व पुढें खामगांव, जळगांव-जामोद येथें वकिली संभाळून त्यांनीं नाटकें लिहिलीं. १८९६ सालीं किर्लोस्कर मंडळीनें त्यांचें 'वीरतनय' रंगभूमीवर आणलें. १८८० च्या 'शाकुंतला'पासून साकी-दिंडीस सरावलेल्या श्रोत्यांच्या कानीं पारशी रंगभूमीवरील चटकदार चाली पडल्या, आणि नाटकाचें संगीत बदलूं शकतें हें सर्वांस उमगलें. हें श्रेय कोल्हटकरांचें आहे, व तें कोणी हिरावून घेऊं नये.

तथापि या लाभाची किंमत कोणीं दिली, हेंही पाहिलें पाहिजे. चाल आधीं व शब्द मागून, असा क्रम झाला म्हणजे शब्द मापांत कातरून बसवावे लागतात. कोल्हटकरांची भाषा मुळांतच कोटी व श्लेष यांनीं भारलेली. ती द्रुत चालींत अडकली कीं सुजाण श्रोत्यासही अर्थ हातीं लागेना. शिवाय परक्या नाटकांतून आलेली चाल आपला भाव बरोबर घेऊन येते; समोरच्या प्रसंगास तो मानवेलच असें नाहीं. पुढें 'मानापमाना'स (१९११) गोविंदराव टेंबे व 'स्वयंवरा'स (१९१६) भास्करबुवा बखले लाभले, तेव्हां चालींची निवड जाणत्या गवयांकडे गेली व पदांस रागदारीचें वजन आलें.

पण प्रयोगाच्या रात्रीं सूत्र कोणाचें, हें तेव्हांही ठरलें नाहीं. नाटककारानें चाल द्यावी, गवयानें ती बसवावी, आणि पडदा वर गेल्यावर गायकनट व प्रेक्षक यांनीं संगनमतानें ती वाटेल तितकी लांबवावी, असा प्रकार झाला. एकेका पदास वन्समोअर मिळत नाटक पहाटेपर्यंत चाले, व कथानक तेथेंच ताटकळे. कोल्हटकरांचें 'सुदाम्याचे पोहे' आजही घरोघरीं आवडीनें वाचलें जातें; त्यांचीं नाटकें मात्र रंगभूमीवर दिसत नाहींत. याचा दोष कांहीं त्यांच्या कृत्रिम कथानकांकडे जातो, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु नव्या चाली आणणारा पुरुष मिळूनही त्यांस नाटकाच्या मर्यादेंत ठेवणारा कोणी मिळाला नाहीं, ही उणीव एकट्या कोल्हटकरांची नसून साऱ्या मराठी संगीत रंगभूमीची होती, असें आमचें मत आहे.