जुने पाते आणि नवी मूठ : अस्सलपणाच्या एका कल्पनेची चिकित्सा

जुन्या सुरीस किंवा कट्यारीस नवी मूठ बसविली की तिच्याविषयी दोन परस्परविरुद्ध निर्णय ऐकू येतात. एका पक्षाच्या मते वस्तू वाचली. दुसऱ्याच्या मते ती बाटली. वरवर पाहता हे दोन्ही पक्ष एकमेकांचे शत्रू वाटतात. परंतु त्यांच्या मुळाशी असलेले गृहीत एकच आहे. प्रत्येक वस्तूला एकच जन्म असतो, एकच काळ असतो, आणि तो काळ चिठ्ठीवरील एका आकड्यात मावतो, असे दोघेही मानतात. या गृहीताची परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम भाषेची साक्ष घ्यावी. या वर्गातील हत्यारांची मराठी नावे नाना वाटांनी आली आहेत. ‘सुरी’ हा शब्द संस्कृत ‘क्षुरिका’शी नाते सांगतो, ‘चाकू’ तुर्की-फारशीकडून आला, ‘म्यान’ फारशी आहे. पण हत्याराचे जे दोन घटक, त्यांची नावे मात्र घरचीच राहिली. ‘पाते’ हे ‘पत्र’पासून आणि ‘मूठ’ ही ‘मुष्टि’पासून आली. येथे एक सूक्ष्म गोष्ट अशी की ‘मूठ’ हा शब्द हाताच्या बंद पंजालाही लागतो आणि हत्याराच्या त्या भागालाही. म्हणजे पाते हे वस्तूचे, तर मूठ ही धरणाऱ्याची, असा भेद भाषेने आधीच करून ठेवला आहे. धरणारा बदलला, त्याचा हात बदलला, की मूठ बदलणार, हे त्या नावातच अभिप्रेत आहे.

या भेदाचा नित्य प्रत्यय शेतीच्या अवजारांत येतो. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावी सोयाबीनच्या सोंगणीला लागणारा विळा घ्यावा. वऱ्हाडी बोलीत त्याचा ‘इळा’ आणि पुढे ‘इया’ होतो. शब्दाचा आद्य व्यंजनही झिजतो आणि ळकाराचा यकारही होतो, तरी तो शब्द दुसरा झाला असे कोणी म्हणत नाही. विळ्याचेही तसेच. त्याची मूठ लाकडाची. ती उन्हात तडकते, पावसात फुगते, वापराने सैल होते. पात्याचे निमुळते शेपूट तापवून नव्या लाकडात ठोकले की काम पुन्हा सुरू होते. येथे नवी मूठ हा अपवाद नव्हे, हत्याराच्या आयुष्याचा तो नियमच होय. अशा विळ्याची पहिली मूठ जपून ठेवण्याचा आग्रह धरणारा मनुष्य विळा जपत नसून त्याचे एक प्रेत जपत असतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तथापि शेतातील विळ्याचा हा न्याय ऐतिहासिक शस्त्रास जसाच्या तसा लावता येईल काय? या प्रश्नाचा विचार करण्यास विदर्भातीलच एक उत्तम उदाहरण उपलब्ध आहे. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडन येथे सोदबीजच्या लिलावात नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील एक तलवार विक्रीस आली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपये खर्चून मिळविली व त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती मुंबईस पोहोचली. तिचे पाते सरळ, एकधारी व युरोपीय बनावटीचे असून त्यावर तेथील कारखान्याचे नाव आहे. मूठ मात्र मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या पाण्याने नक्षी केलेली. तिच्या मुसुम्यास, म्हणजे हातात धरावयाच्या भागास, हिरवे कापड गुंडाळलेले आहे. पात्याच्या पाठीवर तळाशी देवनागरी लेख आहे : ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’.

ही तलवार ‘अस्सल मराठा’ म्हणावी काय? पाते परके म्हणून नाही म्हणावे, तर सतराव्या-अठराव्या शतकांतील मराठी शस्त्रांपैकी एक मोठा वर्गच बाद होईल. कारण युरोपातून आलेल्या पात्यांवर एतद्देशीय मुठी चढविण्याची चाल सर्वत्र रूढ होती. मूठ आपली म्हणून होय म्हणावे, तर पात्यावरील कारखान्याचे नाव खोडून काढावे लागेल. या पेचातून सुटण्याचा मार्ग त्या लेखानेच दाखविला आहे. ‘फिरंग’ हा शब्द फ्रँक लोकांच्या नावावरून अरबी-फारशीच्या द्वारे आला व परदेशी पात्याच्या तलवारीचे नाव होऊन बसला. म्हणजे मालकाने पात्याचे परकेपण लपविले नाही. उलट वस्तूच्या नावातच ते नोंदवून सोन्याने कोरविले.

त्या लेखाची घटनाही पाहण्यासारखी आहे. ‘श्रीमंत’ व ‘सेना’ हे शब्द संस्कृत, ‘साहेब’ व ‘सुभा’ हे मूळचे अरबी, ‘फिरंग’ त्याहूनही दूरचा. ‘साहेबसुभा’ या जोडीत फारशी क्रम टिकलेला दिसतो : साहेब आधी, तो ज्याचा अधिकारी तो सुभा मागाहून. परंतु समग्र ओळीचा क्रम मराठी आहे. फारशीत वस्तू आधी व स्वामी नंतर आला असता. येथे स्वामी आधी आणि ‘फिरंग’ अखेरीस आहे. विभक्तीचा प्रत्यय नसूनही मराठी वाचकाला ‘भोसल्यांची फिरंग’ असाच अर्थ लागतो. शब्द बाहेरचे आणि मांडणी घरची, हा जो प्रकार ओळीत, तोच तलवारीत. भाषेचा व्याकरणरूप भाग ही तिची मूठच होय. पाती कोठूनही येवोत, ती धरली कशी जातात यावरून भाषेची ओळख ठरते.

मग आज एखाद्या घरातील जुन्या कट्यारीस नवी मूठ बसविणाऱ्यास दोष का द्यावा? दोष नवेपणाचा नव्हे, सांधा लपविण्याचा आहे. जुन्या कारागिरांच्या पद्धतीत तलवारीच्या पात्याचे शेपूट मुठीत लाखेने बसवीत. लाख उष्णतेने मऊ होते. त्यामुळे मूठ उतरविता येत असे व दोन्ही भाग शाबूत राहत. आजचे कृत्रिम चिकटद्रव्य पक्के बसते, आणि तो पक्केपणाच पुढे घातक ठरतो. मूठ काढताना शेपूट मोडण्याची भीती राहते. शेपूट तापवून लाकडात ठोकण्याची विळ्याची रीत येथे वापरली, तर उष्णता पात्यात चढून धारेचे पाणी उतरू शकते. गंज काढण्यासाठी पाते घासले, तर पोलादावरील जौहराची लहर, कारागिराची खूण व अक्षरे ही सर्वच झिजतात. मूठ नवी करता येते. घासून गेलेला पुरावा नवा करता येत नाही. यातील सर्वांत अक्षम्य कृत्य म्हणजे नव्या मुठीस धूर, आम्ल वा रंग देऊन जुनी भासविणे. तो जीर्णोद्धार नव्हे, ती बनावट होय.

१९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंच्या संदर्भात हेच तत्त्व सांगितले : हरवलेल्या भागाच्या जागी बसविलेला भाग समग्राशी सुसंगत असावा, पण मूळ भागाहून वेगळा ओळखू यावा. हा विचार पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना नवा वाटू नये. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत जेथे पाठ निःसंशय नाही, तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली आहे. ती रेघ म्हणजे संपादकाने उघडा ठेवलेला सांधाच. त्याहून जवळचे उदाहरण महानुभावांचे. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत नष्ट झाल्यावर अनुयायांनी स्मरणातून ते पुन्हा सिद्ध केले. निरनिराळ्या पाठांना त्यांनी ‘वासना’ हे नाव दिले आणि पाठभेद नोंदवून ठेवले. हानी झालेला ग्रंथ त्यांनी अखंड असल्याचे सोंग केले नाही. म्हणूनच तो आज विश्वसनीय आहे.

यावर असा आक्षेप येईल की ग्रंथाचा पाठ आणि लोखंडाचे पाते यांची तुलना ओढूनताणून केलेली आहे. पाठाच्या अनेक प्रती निघतात, पाते एकच असते. आक्षेप खरा आहे, परंतु तो या मताच्या विरुद्ध नसून त्यास बळकटीच देतो. ज्याची दुसरी प्रत नाही, त्याच्या बाबतीत सांधा उघडा ठेवण्याची जबाबदारी अधिकच मोठी. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमाने सर्वसाधारणपणे शंभर वर्षांची मर्यादा घातली आहे. पण शंभर वर्षे कोणाची मोजावयाची, पात्याची की मुठीची, हा प्रश्न नोंद करणाऱ्यानेच सोडवावयाचा असतो. तो सुटण्यास एकच उपाय आहे : प्रत्येक घटकाचा काळ, बनावट व जोडणीची रीत स्वतंत्रपणे लिहावी, आणि उतरविलेली मूठ, मग ती कितीही कुजकी असो, पात्यासोबतच सांभाळावी.

‘अस्सल’ हे विशेषण वस्तूस लावण्यापेक्षा तिच्या नोंदीस लावणे अधिक युक्त, असा या विवेचनाचा निष्कर्ष आहे. वऱ्हाडातील अनेक घरांत दसऱ्याच्या पूजेला निघणारी लहानमोठी शस्त्रे आहेत. त्यांच्या मुठी कधी बसविल्या, कोणत्या लाकडाच्या, आधी काय होते, हे सांगणारी माणसे वयोवृद्ध होत चालली आहेत. त्यांच्या तोंडची माहिती व त्या-त्या भागांची बोलीतील नावे टिपून घेणे हे काम कोणत्याही कारागिराच्या हाती पाते देण्यापूर्वी व्हावयास हवे. मूठ केव्हाही बसविता येईल. ती माहिती मात्र एकदा गेली की तिला बसविण्यासाठी कोठलीही लाख पुरणार नाही.