आकाश कुणाच्या सातबाऱ्यावर?

सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, आकारणी असते. उंची कुठे असते? न्हावा शेव्यात उभं राहून हा प्रश्न विचारावा लागतो, कारण उलव्याचा विमानतळ इथून फार लांब नाही.

तेराव्या शतकात बोलोन्याच्या अक्कुर्सियसनं रोमन कायद्यावर टीप लिहिली, तिचा अर्थ असा की ज्याची जमीन, त्याचं आकाश. विमानं आली आणि हे टिकणं शक्य नव्हतं. १९१९ चा पॅरिस करार, १९४४ चा शिकागो करार, दोघांनीही आकाश राष्ट्राचं केलं. आपल्या वैशेषिकांनी आकाश एक आणि अखंड मानलं होतं, ते सोडा. कायद्याला घटाकाशच लागतं.

मला बोलायचंय ते १९३४ च्या आपल्या विमान कायद्याच्या भाषेबद्दल. त्याचं सतरावं कलम बघा. वारा, हवामान, परिस्थिती पाहता 'वाजवी' उंचीवरून विमान गेलं, तर केवळ तेवढ्यावरून अतिक्रमणाचा किंवा उपद्रवाचा दावा चालत नाही. आणि नऊ-अ कलम? विमानतळाभोवती अमुक उंचीपुढे इमारत नको, झाडसुद्धा नको. म्हणजे विमानाला विशेषण आणि माणसाला मीटर! आता, मीटर हवेतच. धावपट्टीजवळ अंदाजपंचे चालत नाही. मोठ्या विमानतळाभोवती साधारण ४ किलोमीटरपर्यंत तळाच्या पातळीपासून ४५ मीटर, पुढे २० ला १ असा चढ, हे आजवरचं आंतरराष्ट्रीय माप. २०१५ च्या नियमांनी २० किलोमीटरपर्यंतचा परिसर या हिशोबात आणला. सुरक्षेशी माझं भांडण नाही. उलव्याची सुमारे ९० मीटरची टेकडीसुद्धा कापली गेली, तिथे घराचं काय!

भांडण भरपाईच्या तर्काशी आहे. अमेरिकेत १९४६ साली कॉस्बी नावाच्या कोंबडीपालकाचा खटला गाजला. लष्करी विमानं छपरावरून जायची, कोंबड्या घाबरून मरायच्या. सर्वोच्च न्यायालयानं अक्कुर्सियसला निरोप दिला, पण जमीनमालक जेवढं आकाश वापरू शकतो तेवढं त्याचंच, असंही म्हटलं, आणि त्याला भरपाईचा हक्क मान्य केला. आपल्याकडेही नऊ-ब कलमात भरपाई आहे. ती मोजायची कशी? अधिसूचनेआधीची किंमत आणि नंतरची किंमत, यांतल्या फरकानं.

इथेच मेख आहे. १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी लढले, पाच जणांचे प्राण गेले, तेव्हा साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व उभं राहिलं. विमानतळासाठी ते साडेबावीस टक्के झालं. टक्के कशाचे? जमिनीचे. विकसित भूखंडाची किंमत मात्र त्यावर किती मजले चढतील यावर ठरते. आणि हा भूखंड हातात येतो तो विमानतळ ठरल्यानंतर, आकाश आधीच कापलेलं असताना. आधीची किंमतच नाही, तर फरक कशातून काढणार? कायद्याच्या दृष्टीनं त्याचं नुकसान झालेलंच नाही. माझ्या मते हा अन्याय कुणाच्या दुष्टपणाचा नाही, मोजमापाचा आहे. आणि म्हणूनच तो कुणाला दिसत नाही.

१ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. नाव बदललं, मांडणी बरीचशी जुनीच. नव्वद वर्षांनी कायदा नव्यानं लिहायला घेतला, तेव्हा हे दुरुस्त करायची संधी होती. निदान एवढं तरी करा: साडेबावीस टक्क्यांच्या भूखंडाच्या कागदावर क्षेत्रफळाच्या खाली परवानगीची उंचीही लिहा, म्हणजे घेणाऱ्याला सही करायच्या आधी कळेल की आपल्याला किती जमीन मिळाली आणि किती आकाश.