मराठी पाठवली, आणि मराठीच गेली

वसई-विरारला घरी बसून दूरच्या सर्व्हरवर काम करणारे तुमच्यात बरेच असतील. आज आपण एका छोट्या सोयीची चिकित्सा करू: एसएसएचने लॉगिन करताना आपल्याकडचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पलीकडच्या संगणकाला पाठवणे.

आधी श्रेय देऊ. टर्मिनलचा प्रकार सोडला, तर एसएसएचचा सर्व्हर मुळात काही घेत नाही. तेच बरोबर आहे. 1995 मध्ये टेलनेटमधली चूक उघड झाली: पलीकडून आलेले व्हेरिएबल न तपासता घेतले जात, आणि त्यातून हल्लेखोर स्वतःची लायब्ररी लॉगिन प्रोग्रॅमच्या गळ्यात मारू शकत असे, तीही रूटच्या अधिकाराने. पुढे 2004 मध्ये ओपनएसएसएचने ही सोय आणली ती दोन्ही बाजूंच्या संमतीने. क्लायंटकडे सेंडएन्व्ह, सर्व्हरकडे ॲक्सेप्टएन्व्ह. पाहुण्याने काय आणायचं, ते यजमान ठरवणार.

आमचा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. डेबियन आणि उबंटूने लँग आणि 'एलसी_'ने सुरू होणारं सगळं दोन्हीकडे आधीच मोकळं ठेवलं. हेतू चांगला, आपली भाषा आपल्यासोबत जावी. पण जातं ते भाषेचं नाव, भाषा नव्हे!

समजा, सर्व्हरवर 'वसई' नावाची फाइल आहे. तिथलं लोकेल इंग्रजी, यूटीएफ-8. नाव नीट दिसतं. आता आपल्याकडून एलसी_टाइम मराठी म्हणून गेलं, आणि तिथे मराठी लोकेल बसवलेलंच नाही. एवढं एक अडलं की एलएससारखा प्रोग्रॅम सगळंच सोडून साध्या 'सी' लोकेलवर येतो. जुन्या एलएसमध्ये मग 'वसई'च्या जागी 9 प्रश्नचिन्हं: अक्षरं 3, प्रत्येकाचे 3 बाइट. वर तक्रारीचा एक शब्द नाही. मराठी सांगितली म्हणूनच मराठी गेली.

शिवाय दार नको तितकं उघडं. कुठल्याही व्हेरिएबलला 'एलसी_' नाव लावा, आत जातं.

यावर 'सगळं इंग्रजीत ठेवा' हा सल्ला आम्हाला मान्य नाही. सर्व्हरवर मराठी लोकेल तयार करून घ्या. तो अधिकार नसेल, तर आपल्याकडची सेंडएन्व्हची ओळ बंद करा आणि पलीकडे 'सी.यूटीएफ-8' वापरा, अक्षरं तरी शाबूत राहतील.

आज घरी गेल्यावर लॉगिन करून 'लोकेल' ही आज्ञा चालवा. यादीत मराठीचं नाव दिसलं म्हणून खूश होऊ नका. वर एरर आली आहे का, ते बघा.