चर्चागटांतील संदेशांची मांडणी : शिष्टाचाराच्या नियमांची चिकित्सा

प्रस्तावना :
इंटरनेटवरील चर्चागटांत उत्तर मूळ संदेशाच्या वर लिहावे की खाली, हा वाद वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु वाचनाचे श्रम लेखकाने वाचवावेत की वाचकाने सोसावेत, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. या दृष्टीने ऑक्टोबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आरएफसी १८५५' या दस्तऐवजाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी :
यूजनेट या चर्चाजालाची कल्पना १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस यांनी मांडली. दरवर्षी सप्टेंबरमध्ये विद्यापीठांतील नवे विद्यार्थी तेथे येत आणि जुने सदस्य त्यांना रीत शिकवीत. १९९३ नंतर व्यावसायिक सेवांच्या ग्राहकांचा ओघ अखंड झाला व ही परंपरा अपुरी पडली. सॅली हॅम्ब्रिज यांचा हा दस्तऐवज अशा नवागतांसाठी होता. ओळ ६५ अक्षरांहून कमी असावी, स्वाक्षरी ४ ओळींहून मोठी नसावी, केवळ कॅपिटल अक्षरांत लिहिणे ओरडण्यासारखे वाटते, उत्तरात मूळ संदेशाचा संदर्भापुरताच भाग ठेवावा, हे त्यातील काही संकेत होत.

विवेचन :
यांतील शेवटचा संकेत सर्वांत मोलाचा आहे. यूजनेटवर मूळ संदेशाआधीच उत्तर पोहोचणे शक्य होते. म्हणून संदर्भ देणे आवश्यक होते. शिवाय नेमका भाग निवडताना लेखकाला प्रतिपक्षाचे म्हणणे समजून घ्यावे लागते. आपल्या शास्त्रचर्चेत उत्तरपक्षाआधी पूर्वपक्ष मांडला जाई, त्यामागील शिस्त हीच होय.

इतर संकेतांविषयी मात्र असे म्हणता येत नाही. 'साधा मजकूर' म्हणजे व्यवहारात १२८ संकेतांची आस्की लिपिव्यवस्था होती; तीत देवनागरीला स्थान नव्हते. मराठी भाषकांना यूजनेटवर रोमन लिपीचा आधार घ्यावा लागे. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नाही. उलट आयट्रान्ससारख्या लिप्यंतर पद्धतीत 'ट' आणि 'ण' दर्शविण्यासाठी कॅपिटल अक्षरे लागतात. म्हणजेच सार्वत्रिक म्हणून सांगितलेला शिष्टाचार एका भाषेच्या लिपीवर बेतलेला होता.

दुसरा मुद्दा नियमांच्या वापराचा आहे. हा दस्तऐवज मानक नसून माहितीपर आहे, असे त्यातच नमूद आहे. पाठवताना काटेकोर व स्वीकारताना उदार असावे, असेही तो सांगतो. वाद घालणाऱ्यांनी पहिला अर्धा भाग इतरांना ऐकवला आणि दुसरा स्वतःपुरता विसरला. आउटलुकसारख्या प्रणालीत उत्तराची जागा मूळ संदेशाच्या वर येत असे. निर्णय प्रणालीचा होता, बोल मात्र नवागताला लागला.

याउलट, लिनक्स कर्नलच्या विकसकांचे चर्चागट आजही एचटीएमएल स्वरूपातील संदेश स्वीकारत नाहीत. संदेशातून पाठविलेल्या आज्ञावलीतील एखादी मोकळी जागा बदलली तरी ती निरुपयोगी ठरू शकते. येथे नियमाला कार्यकारण आहे.

निष्कर्ष :
ज्या नियमामुळे वाचकाचे श्रम वाचतात, तो शिष्टाचार. ज्यामुळे केवळ जुना सदस्य आणि नवा सदस्य ओळखता येतो, ते सोवळे. विद्यार्थ्यांना संदेशलेखन शिकविताना नियमासोबत त्याचे कारणही सांगावे. कारण सांगता येत नसेल, तर त्या नियमाचा आग्रह सोडणे श्रेयस्कर.