‘निवेदन’ : घर सोडणाऱ्याची साक्ष

धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्या सुमारास ते अहमदाबादेस गुजरात विद्यापीठाच्या पुरातत्त्व मंदिरात अध्यापन करीत होते. गोव्याच्या मातीतून उपटलेले हे रोप गुजरातेतही काही काळ रुजले होते, म्हणून सुरतेत राहणाऱ्या आम्हां मराठी वाचकांस या ग्रंथाविषयी विशेष ओढ वाटते.

धर्मानंदांचा जन्म १८७६ साली सांखवाळ येथे झाला. हे नाव आपल्या वाचकांस अपरिचित नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी साष्टीतील देवळे पाडली, तेव्हा सांखवाळचा श्रीलक्ष्मीनृसिंह वेलिंगास आणि श्रीविजयादुर्गा केरीस गेली. ज्या गावच्या देवांनाही घर सोडावे लागले, त्या गावात हा मुलगा माडांच्या भाटांत वाढला. नारळांची राखण करावी, मिळेल ते मराठी वाचावे, असा त्याचा क्रम. ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्राने त्याच्या मनात घर केले आणि पुढील सर्व भ्रमंतीचे बीज तेथेच पडले.

१८९९ साली, पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून, ते विद्येसाठी निघाले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा तो प्रवास होय. न्यायालयात जी कबुली देणाऱ्याच्याच हिताविरुद्ध जाते, तिचे वजन अधिक मानतात. ‘निवेदना’चे मोठेपण अशाच कबुल्यांत आहे. आपला भित्रेपणा, उदासीनता, घर सोडण्याच्या फसलेल्या खटपटी, काशीच्या अन्नछत्रातील जेवण, यांपैकी काहीही लेखक झाकीत नाही. भाषाही अशी निरलंकार की, कोठेही सहानुभूतीची याचना नाही.

परंतु हा एकाच पक्षाचा जबाब आहे, हे विसरता येत नाही. मागे राहिलेल्या बाळाबाईंना काय सोसावे लागले, ते आपणांस पतीच्या लेखणीतूनच कळते. ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी १९१८ साली धर्मानंद पुन्हा हार्वर्डला गेले, तेव्हा थोरली कन्या माणिक व अकरा वर्षांचा दामोदर बरोबर होते. परक्या देशात मुले वाढविणे म्हणजे काय, हे त्या मुलांच्या तोंडून या ग्रंथात कोठे ऐकू येणार?

त्या मुलाचे उत्तर फार पुढे आले. दामोदर धर्मानंद कोसंबी १९२९ साली हार्वर्डचे पदवीधर झाले, गणिती म्हणून नावाजले आणि १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात त्यांनी गोव्याच्या जुन्या काबिजादीतील गावकरीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. जमीन कोणाची, भाटे कोणाची, गावचा हिशेब कोण राखी, याचा शोध अमेरिकेत शिकलेल्या पुत्राने घेतला. वडिलांनी आठवण सांगितली. मुलाने त्या आठवणीखालची जमीन मोजली. दोन्ही लेखने शेजारी ठेवून वाचल्याखेरीज कोणतेच पुरते कळत नाही, असे माझे मत आहे.

आमच्या नवागामात खानदेशातून आलेली घरे पुष्कळ आहेत. वडील शेतीच्या गोष्टी सांगतात, मुले गुजरातीत उत्तरे देतात. कोणाची नातवंडे आता सातासमुद्रापार आहेत. त्यांनी ‘निवेदन’ अवश्य वाचावे. आणि पुढेमागे आपल्या कुळाची हकीकत लिहावयास बसतील, तेव्हा घर सोडून गेलेल्याबरोबर घर राखून राहिलेलीचाही जबाब, ती हयात आहे तोवर, तिच्याच शब्दांत लिहून घ्यावा.