जोडलेले हात

दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदन आटोपले की दोन छायाचित्रे हमखास आठवली जातात. एकात जनरल अल् इद्रूस मेजर जनरल चौधरींपुढे शरण आलेले, १८ सप्टेंबर १९४८. दुसरे १९४९चे. त्यात निजाम मीर उस्मान अली खान सरदार पटेलांपुढे हात जोडून उभे आहेत.

चित्रे खरी आहेत. पण चित्र वाचताना त्यात कोण नाही, हेही पाहावे लागते. या दोन्हींत रयत नाही. रझाकारांनी ज्यांची घरे लुटली ती माणसे नाहीत, आणि पोलीस ॲक्शननंतर जी मारली गेली तीही नाहीत. पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या चार जिल्ह्यांत मिळून किमान १८,००० माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज. आमचे कळंब तेव्हाच्या याच उस्मानाबाद जिल्ह्यातले. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्या अहवालात आहे. पण तो कित्येक दशके दडूनच राहिला. निजाम मात्र १९५० साली राजप्रमुख झाले.

मग चित्र असते तर बरे झाले असते का? आम्हांलाही तसेच वाटायचे. पण जोडलेल्या हातांचे आणखी एक चित्र आहे. १ मार्च २००२ रोजी अहमदाबादेत अर्को दत्त यांनी टिपलेला, डोळ्यांत पाणी आणलेला शिंपी. जगाने ते पाहिले. तो पोटासाठी मालेगावला आला, तर चित्र त्याच्या आधीच तिथे पोहोचले होते. हे चित्र वापरू नका, असे तो पुढे वारंवार सांगत राहिला. अफगाण निर्वासित मुलीचा चेहरा १९८५ साली मासिकाच्या मुखपृष्ठावर आला. तिचे नाव जगाला कळायला २००२ उजाडले. चेहरा सर्वांचा झाला, माणूस कुणाचाच नाही.

आपल्या लेखकांनाही अशा चित्रांचा मोह पडतो. त्या शिंप्यावर कविता लिहिताना आपण त्याला विचारत नाही. म्हणून त्याचे नाव आम्ही येथे लिहीत नाही. त्याने मागितलेली ओळखीतून सुटका एवढी तरी पाळावी.

पण ४८च्या माणसांना विस्मृती मागावी लागली नाही. ती त्यांच्यावर लादली गेली. तेव्हा जी मुले दहा वर्षांची होती, ती आज पंच्याऐंशी ओलांडून गेली आहेत. आपल्या घरातल्या, शेजारच्या गल्लीतल्या अशा बुजुर्गांपाशी वही घेऊन बसावे. सांगायचे नसेल तर सलाम करून उठावे. सांगितले, तर आधी नावे लिहून घ्यावीत. मारले गेलेल्यांची, आणि वाचवणाऱ्यांचीही.